जावईबापूंची पायपुसणी

मी पायपुसणी बोलतेय. हो, तीच ती, दारात पसरलेली. थांबा, एवढ्यात पाय पुसून आत पळू नका. जन्मभर लोकांनी माझ्यावर पाय ठेवला आणि पुढे गेले, कोणी दोन शब्द बोलायला थांबलं नाही. आज मला बोलायचंय. स्वतःबद्दल थोडंसं, आणि बाकी सगळं समोरच्या घरच्या जावईबापूंबद्दल.

माझा जन्म कातरणीतला. गणवेश शिवायच्या कारखान्यात कापून उरलेल्या पट्ट्या एका बाईने पोतं भरून घरी नेल्या आणि खिडकीशी बसून मला विणलं. निळा रंग, खाकी रंग, आणि मधोमध एक लाल रेघ. गाठी अशा घट्ट मारल्या की बाई स्वतःशीच म्हणाली, "बघते आता कोण उसवतंय हिला!" तो हट्टीपणा तिने माझ्यात विणला असावा, कारण मी अजून उसवले नाही. म्हणजे फारशी नाही.

पुढे मी तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या दारात आले. काकू स्वच्छतेच्या भारी. आणि चौकस. कोण आलं, कोण गेलं, कोणाच्या पिशवीत काय होतं, हे काकूंना माझ्याआधी कळायचं, आणि मी तर दारातच पडलेली! दारात पडल्या पडल्या मलाही माणसं वाचायची सवय लागली. भांडून आलेला माणूस पाय पुसत नाही, आपटतो. उसनं मागायला आलेला फार वेळ पुसतो. आणि तळमजल्यावरचे सेक्रेटरी मला सरळ ओलांडूनच यायचे. बुटाला माती, पण पुसायचा कंटाळा.

आमच्या समोरच्या दारात बस चालवणारी ताई राहते, आणि तिचे वडील, अप्पा. ताईचं लग्न झालं नाही, आणि अप्पांनी तो विषय सोडला नाही. गुडघा धरून जिना चढताना प्रत्येक मजल्यावर थांबून ते म्हणायचे, "जावई असता तर हाताला धरून नेलं असतं." ताई म्हणायची, "मी धरलंय ना?" असं त्यांचं रोजचंच.

एके दिवशी सकाळी जिन्यात धापा ऐकू आल्या. ताई, अप्पा आणि प्राण्यांच्या निवाऱ्यातली एक बाई जाड चादरीची झोळी करून काहीतरी वर आणत होते. झोळी पॅसेजमध्ये ठेवली आणि आतून एक कुत्रा उभा राहिला. कुत्रा कसला, वासरूच! उंच, राखाडी, बरगड्या मोजून घ्याव्यात असा, आणि मानेभोवती गळपट्ट्याच्या रुंदीचं केस गेलेलं कातडं.

आमची फरशी गुळगुळीत, त्यातून काकूंनी नुकतीच पुसलेली. त्याचे चार पाय चार दिशांना गेले. कसाबसा सावरला, इकडे तिकडे बघितलं आणि धडपडत माझ्यावर आला. मी हातभर लांब नाही. त्याने पुढचे पाय ठेवले, मग मागचे त्यांच्याजवळ ओढून घेतले, आणि पाठीची कमान करून, चारही पाय माझ्यावर गोळा करून उभा राहिला. थरथरत होता. ती थरथर माझ्या गाठीगाठीत उतरली.

काकूंनी दार उघडलं.

"अगं बाई! घोडा आणलास की काय?"

"कुत्रा आहे, काकू. घाबरलाय तो."

"तो घाबरलाय? मग मी कोण?"

अप्पा कठड्याला टेकून गुडघा चोळत म्हणाले, "एवढी वर्षं वाट बघितली, शेवटी जावईबापू आले. आणि आल्या आल्या रुसून बसले, तेही शेजाऱ्यांच्या दारात!"

त्या दिवसापासून त्याचं नाव जावईबापू.

निवाऱ्याच्या बाईने पॅसेजमध्येच त्याची हकीकत सांगितली. काकूंनी दार पुरतं लावलं नव्हतं, त्यामुळे आम्हा दोघींनाही ती ऐकू आली. एका लाकडाच्या वखारीमागे तो बांधलेला असायचा. पिल्लू होता तेव्हा मालकाने हौसेने आणलं होतं. मग हौस फिटली, साखळी राहिली. साखळी इतकी आखूड की बसता येई, फिरता येत नसे. वखार बंद पडली, मालक निघून गेला, कुत्रा तिथेच. शेजारच्या कोणाला तरी भुंकणं ऐकू येईनासं झालं म्हणून त्याने डोकावून पाहिलं. पायाखाली त्याने जन्मात काय बघितलं होतं? माती आणि लाकडाचा भुसा.

"एक सांगून ठेवते," बाई ताईला म्हणाली, "याला जिना उतरता आला नाही तर ठेवून घेऊ नकोस. याला रोज खाली नेणार कोण, उचलून? आमच्याकडे परत आण. पण जागा नाही, मागच्या अंगणात बांधावाच लागेल."

"परत साखळीला?"

"एवढा मोठा, वयात आलेला कुत्रा दुसऱ्यांदा कोण नेतं गं?"

ताईने जबडा असा आवळला, जसा ती अरुंद गल्लीत बस घालताना आवळत असणार.

तिने बसच्या कामावरून रजा काढली होती. रजा संपायच्या आत त्याने खाली उतरायला हवं होतं. घरात तिने जुन्या गोधड्या आणि सतरंज्या अंथरल्या, त्यावर तो फिरे. दार उघडलं की दोन उड्यांत पॅसेज पार करून माझ्यावर येऊन उभा राही. तिथून पुढे नाही. सगळ्यांनी ठरवून टाकलं की त्याला उंचीची भीती वाटते. मग कोणी म्हणालं रस्त्यावरच्या आवाजाची, कोणी म्हणालं माणसांची. ताई खालच्या पायरीवर बसून उकडलेलं चिकन दाखवे. तो मान लांब करी, लाळ माझ्यावर गाळी, पण पाय हलवत नसे. चादरीच्या झोळीतून खाली नेता नेता अप्पांचा गुडघा पार गेला. मग घरातच कागद पसरणं आलं, आणि सेक्रेटरी तक्रार घेऊन आले.

"वास येतो हो खालपर्यंत!"

"तुमचं नाकच तिखट," अप्पा म्हणाले.

मला कारण माहीत होतं. पण पायपुसणीला कोण विचारतो?

शेवटी एका दुपारी ताई दमून माझ्याशेजारी फरशीवर बसली. त्याला ओढायचं नाही, बोलवायचं नाही, नुसतं बसायचं असं तिने ठरवलं असावं. सहज तिने त्याच्या पंज्याखाली हात घातला आणि तशीच थांबली. त्याची नखं माझ्या गाठींमध्ये रुतलेली होती, हुकासारखी. तिने पंजा हळूच उचलून फरशीवर ठेवला. नखं कर्रकन घसरली आणि तो परत माझ्यावर आला.

"अप्पा!" ती ओरडली. "उंचीचं काही नाही हो. याच्या पायाखालची जमीनच याला ओळखीची नाही!"

काकूंनी लगेच दार उघडलं. जणू त्या दाराला चिकटूनच उभ्या होत्या. (होत्याच.) "पायपुसण्या हव्यात ना? मी आणते. दुसऱ्या मजल्यावर दोन आहेत, त्यातली एक नुसती शोभेची. पहिल्यावर डॉक्टरीणबाईंकडे नवी आहे, जुनी फेकली नसेल तिने, फेकायचा स्वभाव नाही तिचा." कोणाच्या घरात काय आहे हे जन्मभर टिपून ठेवलेलं त्या दिवशी कामी आलं. संध्याकाळपर्यंत अख्ख्या इमारतीच्या पायपुसण्या पायऱ्यांवर चिकटपट्टीने बसल्या. काथ्याची, रबराची, एकीवर तर मांजराचं चित्र. मी सगळ्यांत पुढे. मला चिकटवलं नव्हतं. ताई मला खालच्या पायरीवर ठेवी, तो वास घेई, माझ्यावर उतरे, मग मी आणखी खाली. माझ्या मागे मागे तो पहिल्या वळणापर्यंत आला.

"कोणी अडखळून पडलं तर?" सेक्रेटरी खालून म्हणाले. "रविवारपर्यंत बघतो. मग हे सगळं उचलायचं. आणि कुत्र्याचंही काय ते ठरवायचं."

रविवारी निवाऱ्याची बाईही येणार होती. आणि शनिवारी काकूंनी घात केला.

त्यांचा हेतू चांगला होता हो. एवढी माणसं बघायला येणार, आणि आपल्या दारातली पायपुसणी अशी मळकी? त्यांनी मला गरम पाण्यात बुडवलं, सुगंधी पावडर घातली, ब्रशने घासलं आणि कठड्यावर वाळत टाकलं. मी ओरडले असते, पण मला तोंड कुठे आहे?

रविवारी ताईने मला दारात ठेवलं. तो उत्साहाने आला, नाक टेकवलं, आणि मागे सरकला. माझ्यात माझं काहीच उरलं नव्हतं. नुसता फुलांचा वास. तो भिंतीला चिकटला आणि पुन्हा तसाच थरथरायला लागला.

काकूंनी तोंडावर पदर धरावा तसा हात धरला. "माझ्या मेलीचे हात शिवशिवले गं! काय करून बसले मी!"

"रडू नका, काकू," ताई म्हणाली. आवाजात राग नव्हता. तिने चपला काढल्या आणि माझ्यावर पाय पुसायला लागली. "पुसा. सगळे पाय पुसा. हिला परत पायपुसणी करू या."

अप्पा काठी टेकत आले, पुसून गेले. काकूंनी आयुष्यात पहिल्यांदा मुद्दाम मला मळवलं. तेवढ्यात सेक्रेटरी वर आले आणि नेहमीसारखे मला ओलांडायला निघाले.

"थांबा!" ताईने हात आडवा केला. बस थांबवते तसा. "पुसा."

"मी?"

"तुम्हीच. तुमच्याच बुटाला माती आहे."

सेक्रेटरी खाली कुंड्यांची बाग करतात, आता सकाळीच खुरपून आले होते. चेहरा वाकडा करून त्यांनी एक बूट घासला, मग दुसरा. ओली, काळी, भुरभुरीत माती माझ्या गाठींत उतरली. इतकी वर्षं जी त्यांनी मला दिली नाही ती सगळी एकदम दिली.

जावईबापूंचं नाक हललं. मान पुढे आली. त्यांनी माती हुंगली, फार वेळ हुंगली. मग एक पंजा माझ्यावर ठेवला. मग दुसरा.

ताईने मला पायरीवर ठेवलं, मग खालच्या, मग त्याच्या खालच्या. पहिलं वळण आलं, गेलं. दुसऱ्या मजल्यावरची दारं फटीएवढी उघडली होती. जावईबापूंचं नाक आता सेक्रेटरींच्या बुटांमागे लागलं होतं, आणि सेक्रेटरी बिचारे मागे न बघता, अंग चोरून, पुढे पुढे उतरत होते. अशी ती मिरवणूक तळमजल्यावर पोचली, दाराबाहेर पडली, आणि जावईबापू थेट पहिल्या कुंडीशी गेले. तंगडी वर.

"तो गुलाब होता," सेक्रेटरी म्हणाले.

"आहे हो अजून," अप्पा वरून ओरडले, "खत घातलंय!"

निवाऱ्याची बाई फाटकात उभी होती. ती हसता हसता डोळे पुसत होती. सेक्रेटरींनी एकदा कुंडीकडे बघितलं, एकदा त्या मोठ्या, शेपूट हलवणाऱ्या जनावराकडे. मग ताईला म्हणाले, "दुसऱ्या मजल्यावर एका पायपुसणीचा कोपरा सुटलाय. चिकटपट्टी नीट लावा."

आता जिन्यात एकही पायपुसणी नाही. एकेक करून सगळ्या आपापल्या दारी गेल्या. जावईबापू उघड्या पायरीवरून खाड खाड उतरतात, आणि अप्पा त्यांच्या पाठीवर हात टेकून मागून. "जावयाने धरलंय," असं भेटेल त्याला सांगतात.

मी मात्र काकूंकडे परत गेले नाही. त्यांनी दारात रबराची नवी आणली. मी पॅसेजच्या मधोमध असते. लाल रेघ नाहीशी झालीय, एका कडेच्या गाठी नखांनी सैल झाल्यात. काकू मला झटकतात, धूत नाहीत. तोंडाने मात्र रोज म्हणतात, "किती ती माती!"

तुम्हाला एवढंच सांगायचंय. तुमच्या दारी कधी कोणी मोठं, अवघडलेलं येऊन उभं राहिलं आणि एक पाऊल पुढे टाकेना, तर त्याला ओढू नका. वर त्याच्या तोंडाकडे बघण्याआधी खाली बघा, त्याला पाय टेकायला काय आहे ते. काही नसलं तर तुमच्या घरातलं काहीतरी अंथरा. मळलं तर मळू दे.

ऐका, खाली फाटक वाजलं. ताईची बसची ड्यूटी संपली, जावईबापूंना फिरवून आलीय. जिना जावईबापूंना आता सरळ येतो, पण आत जाण्याआधी ते रोज माझ्यावर येऊन उभे राहतात. चारही पाय गोळा करून, क्षणभर.

सरका जरा बाजूला. मला जागा हवी.