उशाखालचं लोखंड

मित्रांनो, मी एक अडकित्ता आहे. जुना म्हणा, म्हातारा म्हणा, मला आता कशाचंच वाईट वाटत नाही. माझ्या खिळ्यात गंज धरला आहे, त्यामुळे बोलताना थोडी कुरकुर होईल, ती मनावर घेऊ नका. तुम्ही पुढेमागे विमानात बसाल. तिथल्या तपासणीत माझी जी गत झाली ती तुमच्या घरातल्या कुणाची होऊ नये, म्हणून हा खटाटोप.

नाशिकच्या एका तांबटाच्या दुकानातून कुसाबाईंनी मला देवळ्याला आणलं. माझे दांडे पितळेचे, पातं लोखंडाचं. घर कांद्याच्या शेतकऱ्याचं. व्यापारी आला की पानाचं तबक पुढे यायचं, आणि भाव ठरेपर्यंत माझी कटकट चालू असायची. याच्यासारखी बारीक सुपारी तालुक्यात कुणी कातरत नाही, असं कुसाबाई चारचौघांत सांगायच्या. तेव्हा मी फुलून जायचो. आता हसू येतं.

माझं दुसरं काम याहून जड होतं. आमच्याकडे तान्ह्या बाळाला सवा महिना लोखंडाशिवाय ठेवत नाहीत. कुणी विळा ठेवतं, कुणी सुरी. या घरात उशाखाली मीच असायचो. कुसाबाईंचा आणखी एक नियम होता. बाळाची राखण करणारं लोखंड हातातून हातात द्यायचं, त्यावर दुसऱ्या सामानाचं ओझं पडू द्यायचं नाही. त्यांच्या सुनेची, बायडाबाईची, दोन्ही मुलं माझ्यावर डोकं ठेवून झोपली. थोरली ज्योत्स्ना, धाकटा वाल्मीक. तान्ही मुलं झोपेत किती लाथा मारतात हे मला विचारा.

पुढे कुसाबाई गेल्या. नव्वद साल उलटलं तशा टपरीटपरीवर सुपारीच्या पुड्या लटकू लागल्या. दातांनी पुडी फाडली की झालं, मग अडकित्ता कोण शोधतो? मी फडताळात गेलो, दिवाळीच्या साफसफाईत तेवढा उजेड दिसायचा. खरं सांगतो, सुरुवातीला राग आला, नंतर सवय झाली, आणि मग नुसताच कंटाळा उरला.

ज्योत्स्ना लग्न होऊन नवऱ्याबरोबर जर्मनीला गेली. तिकडे तिला पहिला मुलगा झाला आणि दहा दिवसांचा होऊन गेला. डॉक्टर म्हणाले, जन्मतःच हृदयात दोष होता. बायडाबाईने ते ऐकून घेतलं, पण तिच्या मनात एकच गोष्ट रुतून बसली. उशाखाली लोखंड ठेवायला तिथे कुणी नव्हतं. दोन हजार चार साली ज्योत्स्नाला पुन्हा दिवस राहिले, तेव्हा बाळंतपणाला स्वतः जायचं तिने ठरवलं. मला फडताळातून काढलं, चिंचेने घासलं, आणि लेकीच्या आठवणीने ती माझ्यावरच रडली.

ज्योत्स्नाने फोनवर बजावलं होतं की चाकू, कात्री, सुरी हातातल्या पिशवीत ठेवू नको, मोठ्या बॅगेत टाक. बायडाबाईने विळी मोठ्या बॅगेत टाकली, कात्रीही टाकली. पण अडकित्ता म्हणजे काय हत्यार? तो पाहुण्यांपुढे ठेवायचा. शिवाय कुसाबाईंचा नियम होताच. डिंकाच्या लाडवांचं ओझं माझ्यावर कसं पडू द्यायचं? वाल्मीक दोनदा बोलला, दोनदा गप्प बसवला गेला. मी बटव्यात, बटवा पिशवीत, आणि पिशवी तिच्या काखेत.

मुंबईला सोडायला जीप भरून माणसं आली. विमान उडाल्याशिवाय हलायचं नाही, ही आमच्याकडची रीत. हार घालून, नारळ देऊन झाल्यावर बायडाबाई एकटी आत शिरली. मोठी बॅग काउंटरवर तोलून पट्ट्यावरून निघून गेली. एकदा ती गेली की परत हाती येत नाही, हे लक्षात ठेवा. पासपोर्टावर शिक्का बसला. मग शेवटची तपासणी आली. तिथे हातातली पिशवी एका यंत्राच्या पोटात जाते आणि पडद्यावर आतलं सगळं दिसतं. माणसाला चौकटीतून जावं लागतं, बायकांना पडद्याआड बाई तपासते. यात घाबरण्यासारखं काही नाही. बायडाबाई चौकटीतून गेली तर चौकट वाजली. कमरेला कोठीची किल्ली होती, हाताएवढी. सवयीने तशीच खोचून आली होती. ती काढून तबकात ठेवायला लावली आणि चौकट गप्प झाली.

मग पडद्यावर मी दिसलो. दोन्ही दांडे, पातं, सगळं काळंकुट्ट. स्वतःला असं पाहिल्यावर मीही दचकलो.

खाकी वर्दीतल्या बाईने बटवा उघडला आणि पातं आत नेता येणार नाही असं सांगितलं. ती मराठी बोलत होती, तेवढाच आधार. बायडाबाईने सुपारीचं सांगून पाहिलं, मग बाळाचं सांगितलं, गेलेल्या बाळाचंही सांगितलं. शेवटी ती बाकावर बसली.

"मंग मी बी जात नाय," ती म्हणाली. "हे पोचलं नाय, तर मी जाऊन काय करू?"

विमानाची घोषणा होत होती. तिकडे लेकीचे दिवस भरलेले, आणि इकडे ही माझ्यापायी अडून बसलेली. मला आयुष्यात एवढं ओझं कधी झालं नव्हतं. जा बाई, मला टाकून जा, असं मी म्हणत होतो, पण अडकित्त्याचं कोण ऐकतं?

वर्दीतली बाई तिच्यासमोर उभी राहिली. "आजी, माझ्या पोराच्या उशाशी मीसुद्धा सुरी ठेवली होती," ती हळू बोलली. "पण पातं इथून आत जात नाही, माझ्या आईचं असलं तरी." मग तिची नजर तबकाकडे गेली. "ही किल्ली लोखंडाची आहे ना?"

"हाय. कोठीची हाय."

"राखणीला लोखंड लागतं. धार लागते, असं कुणी सांगितलं?"

बायडाबाईने किल्ली उचलली, दोन्ही हातांत धरली आणि कपाळाला लावली. मला एकदा पदराने पुसलं आणि ती चालू लागली. तिने मागे वळून पाहिलं नाही, हे बरंच झालं.

मला एका पेटीत टाकलं. तिथे कात्र्या होत्या, नेलकटर होते, एक स्क्रू-ड्रायव्हर होता. बहुतेक तिथेच राहतात. माझं नशीब चांगलं, त्या बाईने साहेबांना विचारून मला एका शिपायाच्या हाती बायडाबाईच्या माणसांकडे बाहेर पाठवलं. दारात हाराची रिकामी पिशवी धरून वाल्मीक उभाच होता. हातातून हातात, नियम तेवढा पाळला गेला.

घरी आल्यावर कळलं की किल्ली जर्मनीत आणि कुलूप देवळ्यात. बाजरी, पापड, लोणचं, सगळं कोठीत अडकलेलं. वाल्मीकने कुलूप फोडलं आणि आईला शिव्या नको म्हणून मलाच दिल्या. थोड्या दिवसांनी फोन आला. मुलगी झाली होती. ठणठणीत होती, रडून घर डोक्यावर घेत होती. किल्ली उशाखाली होती.

सवा महिना सरला, सहा महिने सरले, बायडाबाई परत आली. किल्ली आली नाही. मुठीत ती किल्ली असल्याशिवाय नात झोपत नाही, म्हणून ती तिकडेच राहिली. बायडाबाईने मला हातात घेतलं. फडताळाकडे गेली नाही, कोठीकडे गेली. दाराला कडी लावली आणि कोयंड्यात कुलपाच्या जागी मला अडकवलं.

तेव्हापासून मी इथे आहे. माझं काम किल्ली करते, किल्लीचं मी. मित्रांनो, परदेशी जाताना ज्याला पातं आहे ते मोठ्या बॅगेत ठेवा, मग ते कितीही मायेचं असो. आणि कुणाच्या कोठीला असा म्हातारा पहारेकरी दिसला, तर त्याच्या खिळ्याला तेलाचं एक बोट लावा. ती किल्लीवाली पोर पुढच्या मे महिन्यात येणार आहे म्हणे. दार उघडताना मी कुरकुरलो, तर तिची झोप मोडेल.