ओल्या कोपऱ्याचा गालिचा

मी एक जुना गालिचा आहे आणि मला कुत्री आवडत नाहीत. हे आधीच सांगितलेले बरे. माणसेही मला पूर्वीइतकी आवडत नाहीत, पण ते का, हे ऐकायला थोडे बसावे लागेल. पाय पुसून बसा.

मित्रांनो, एका बाईने चार महिने मागावर बसून मला विणले. विटकरी अंग, निळी किनार. दुकानात लोक हात फिरवून म्हणत, "काय मऊ आहे हो!" मग एका नव्या जोडप्याने मला घरी नेले. तो लोकांना गाडी चालवायला शिकवतो, ती औषधांच्या दुकानात काम करते. पाहुणे माझी तारीफ करत आणि मी फुगत असे. पुढे त्यांना मुलगी झाली. ती माझ्यावरच रांगायला शिकली आणि माझ्यावर तिने किती वेळा शू केली ते विचारू नका. तेव्हा सगळे हसत होते. कोणीही तिचे नाक माझ्यात घासले नाही.

मुलगी दहा वर्षांची झाली आणि तिने हट्ट करून पिल्लू आणले. लहान जातीचे, मोठे झाले तरी चहाच्या किटलीएवढेच राहणारे. नाव ठेवले चिमटी. पहिल्याच दिवशी चिमटीने सोफ्यामागचा माझा कोपरा ओला केला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी मनातल्या मनात त्या मुठीएवढ्या बयेला नाही नाही ते बोललो.

मग तो, मुलीचा बाप, आला. त्याच्या ओरडण्याने शिकणारे ब्रेकऐवजी भलतेच काहीतरी दाबतात, असे त्याची बायकोच सांगते. त्याने चिमटीची मान धरली आणि तिचे नाक माझ्यात दाबले. "हे काय आहे? बघ! काय आहे हे?" तिचे नाक थंडगार होते आणि ती लटलट कापत होती.

हे रोजचेच झाले. तो तिला सकाळ-संध्याकाळ पट्टा बांधून खाली नेई. ती अर्धा तास त्याच्या तोंडाकडे बघत उभी राही, पण एक थेंब करत नसे. घरी आल्यावर त्याची पाठ वळली रे वळली, की माझा कोपरा गाठे. "मुद्दाम करते," तो म्हणे. "डूख धरलाय हिनं." शेवटी त्याने सुनावले, "रविवारपर्यंत बघतो. नाहीतर जिथून आणली तिथं परत." मुलगी भरल्या ताटावरून उठून गेली.

शनिवारी तो लवकर कामाला गेला, म्हणून चिमटीला घेऊन मुलगीच खाली उतरली. मला चौथ्यांदा धुऊन गॅलरीच्या कठड्यावर वाळत टाकले होते, त्यामुळे गल्ली सगळी दिसत होती. मुलगी बुटाची नाडी बांधायला वाकली आणि तेवढ्यात चिमटी झटकन बसून मोकळी झाली. मुलगी तिथेच नाचायला लागली.

दुपारी तो आला, तेव्हा तिने त्याला दारातच गाठले. "बाबा, ती बाहेर करते. फक्त तुझ्यासमोर करत नाही."

"का? मी काय राक्षस आहे?"

"तिला वाटतं, तू बघितलंस की शिक्षा होते. घरात असो नाहीतर बाहेर."

"एकदा तरी मारलंय का मी तिला?"

बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. मान वर न करता ती म्हणाली, "तुझं नाक घासून बघू का एकदा?"

तो चपला काढून आत निघून गेला.

रविवारी मी दमटच होतो, म्हणून कठड्यावरच होतो. तो चिमटीला घेऊन खाली गेला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. पट्टा सैल सोडलेला. येणारे-जाणारे बघत होते. एका म्हाताऱ्याने विचारलेही, "काही हरवलंय का?" तो "नाही" म्हणाला, पण वळला नाही. पाव तास त्याने ती भिंत बघितली. अखेर चिमटी त्याच्या पाठीमागे हळूच खाली बसली. तीन आठवडे मी भिजलो, तिचे नाक माझ्यात चेचले गेले, आणि उपाय काय, तर पाठ फिरवायची! कठड्यावरून सुटून त्याच्या टाळक्यात पडावे, असे मला वाटले.

चिमटी राहिली. पण वर आल्यावर पट्टा खुंटीला अडकवायला त्याने हात उचलला. तेवढेच. ती फरशीला चिकटली आणि त्याच्या डोळ्यांदेखत तिचे दोन थेंब गळाले. गॅलरीचे दार उघडे होते, मी पाहिले. त्याचा हात वरच राहिला. मग त्याने स्वतः फडके आणले आणि गुडघ्यांवर बसून फरशी पुसली. पुसताना एकदाही तिच्याकडे बघायची त्याची छाती झाली नाही.

आता घरातले कोणी ना कोणी तिला दर दोन-तीन तासांनी खाली नेते, बाहेर केले की खाऊ देते. माझा कोपरा कोरडा आहे. तरी वर्ष झाले, त्याने हात उचलला की ती अजून दबते.

मित्रांनो, आपल्यापेक्षा लहान जिवाला शिकवायला घ्याल, तेव्हा आवाज खाली आणा आणि हात आवरा. एवढेही जमणार नसेल, तर पिल्लू आणू नका. चिमटीने त्याला माफ केले आहे, रोज त्याच्या पायावर डोके ठेवून झोपते. मी केलेले नाही. आणि तो तिचे नाक माझ्यात घासत होता तेव्हा मला मनातून बरे वाटत होते, हे मी आजवर कोणाला सांगितलेले नाही.