बोटभर उंच नाक

माझ्या व्हॅनच्या पुढच्या भागातून पहिल्यांदा आवाज आला तो बारा मे रोजी सकाळी, दूधसंघाच्या फाटकाजवळच्या गतिरोधकावर. जुन्या लाकडी पलंगावर कुणी जड माणसाने कूस बदलावी, तसा. आदल्याच दिवशी मेकॅनिक एलाडिओ बेन्तान्कोर यांनी चाकांना धरून ठेवणारे पुढचे दोन्ही आर्म उतरवून त्यांच्या सांध्यांतले चारही रबरी बुश नवे घातले होते. जुन्या बुशांचं रबर चिरलेलं होतं, ते त्यांनी मला हातात देऊन दाखवलं होतं. म्हणजे झिजलेलं सगळं निघालं होतं आणि आवाज मात्र नवा होता.

मी संघाच्या प्रयोगशाळेत काम करते. कार्दोना गावाच्या आसपासच्या एकोणतीस गोठ्यांवरून दुधाचे नमुने गोळा करायचे आणि तपासायचे. रस्ते खडीचे आहेत. एकोणीस वर्षांत माझ्या गाडीला एलाडिओंशिवाय कुणी हात लावलेला नाही. ते मला 'दुधाची डॉक्टर' म्हणतात.

मी गाडी परत नेली. त्यांनी ती गाडी उचलायच्या लिफ्टवर चढवून सगळे नट पुन्हा आवळले. आवाज राहिला. चार दिवसांनी पुन्हा नेली. त्यांनी स्टॅबिलायझरच्या दांड्याची रबरं बदलली. आवाज राहिला. त्यानंतर मी डॅशबोर्डवर एक वही ठेवली आणि आवाज येईल तेव्हा नोंद करू लागले.

तिसऱ्यांदा गाडी नेणं मी आठवडाभर टाळलं. त्याला कारण होतं. एलाडिओ चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. गेल्या वर्षी गुरांच्या डॉक्टरच्या जीपच्या चाकाचा एक नट त्यांच्या हातून ढिला राहिला होता. अपघात झाला नाही, पण तेव्हापासून त्यांचा मुलगा विल्मार त्यांच्या मागे लागला होता, की आता पुरे. विल्मार मालदोनादो शहरातल्या एका मोठ्या वर्कशॉपमध्ये बरीच वर्षं होता. परत आल्यावर त्याने फेब्रुवारीत ही लिफ्ट बसवली, कारण वडिलांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. मी पहिल्यांदा आवाजाची तक्रार घेऊन गेले, त्या दिवशी माझ्यासमोरच दोघांचं वाजलं. शेवटी एलाडिओ म्हणाले होते, "एकच काम माझ्या हातच्या चुकीनं तीनदा परत आलं, तर ॲप्रन खिळ्याला. मग तू आणि तुझी लिफ्ट."

ते बोललेलं मागे घेणारे नाहीत. हे गावात सगळ्यांना माहीत आहे.

शुक्रवारी सकाळी मी गाडी आत घेतली तेव्हा विल्मार कंप्रेसरजवळ उभा होता.

"आली दुधाची डॉक्टर," तो म्हणाला. "बाबा, तिसरी खेप."

"मोजता येतं मला."

"मी कुठं म्हटलं येत नाही."

"चेहऱ्यानं म्हटलंस." एलाडिओंनी नळीतून शेवटचा घोट ओढला, येर्बाच्या, म्हणजे इकडच्या कडू पाल्याच्या चहाच्या, भोपळीत थर्मासमधलं गरम पाणी पुन्हा ओतलं आणि भोपळी माझ्या हातात दिली. "बोल, वहीत काय लिहिलंयस?"

मी वाचलं. तेवीस वेळा आवाज. सरळ खडीवर एकदाही नाही. उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवलं तरी नाही. गतिरोधकावर आणि जोरात ब्रेक मारल्यावर, म्हणजे गाडीचं नाक खाली जातं तेव्हा. सकाळच्या थंडीत जास्त; इकडे मे म्हणजे हिवाळ्याचं तोंड.

"मग बॉलजॉइंट नाही," एलाडिओ म्हणाले. "तो खडीवर बोलला असता."

"आणि समोरून येणारे ट्रकवाले मला दिवे मारतात."

विल्मार हसला. "त्याचं कारण वेगळं असेल."

"बावन्नाव्या वर्षी? मग तेही तपासायला हवं," मी म्हणाले. "माझे दिवे त्यांच्या डोळ्यांत जातात. नाक वर आलंय. चाकाच्या मध्यापासून वरच्या पत्र्यापर्यंत मी मोजलं. मार्चपेक्षा एकोणीस मिलिमीटर जास्त आहे. बोटभर."

"मार्चमध्ये कशाला मोजलं होतंस?" एलाडिओंनी विचारलं.

"टायर बदलले तेव्हा. सवय आहे."

"बघ," ते विल्मारला म्हणाले, "अशी गिऱ्हाइकं मालदोनादोत मिळतात का?" मग माझ्याकडे वळून, "नवं रबर आहे. नाक थोडं वर येणारच."

"गाडी स्प्रिंगांवर उभी असते," मी म्हणाले. "स्प्रिंगा जुन्याच आहेत. मग हे बोटभर कोण उचलून धरतंय?"

अंगठ्याच्या नखाने एलाडिओंनी टेबलावरचं ग्रीस खरवडलं. मग खिशातून खडू काढला आणि विल्मारला म्हणाले, "वर घे."

गाडी वर गेली. चाकं खाली लोंबकळली. एलाडिओ लिफ्टखाली उभे राहिले आणि उजव्या बाजूच्या बुशवर त्यांनी एक सरळ रेघ ओढली. मधल्या लोखंडी नळीपासून, रबरावरून, बाहेरच्या आर्मपर्यंत. मग डावीकडे तशीच.

"आता हेच चाकांवर उभं असताना बघायचं."

"खाली उतरवल्यावर खालून बघणार कसं?" विल्मारने विचारलं, आणि विचारता विचारताच त्याची नजर कोपऱ्याकडे गेली.

कोपऱ्यात गाडीखाली उभं राहून काम करायचा जुना खड्डा आहे. एलाडिओंच्या वडिलांनी तो खणला होता. त्याला सात पायऱ्या आहेत. लिफ्ट आल्यावर विल्मारने त्यावर फळ्या टाकल्या होत्या आणि फळ्यांवर जुने टायर रचले होते.

टायर हलवायला वीस मिनिटं लागली. मी गाडी लिफ्टवरून उतरवून अंगणात एक फेरी मारली, म्हणजे चाकं नीट बसावीत, आणि खड्ड्यावर आणून उभी केली. एलाडिओ पायऱ्यांकडे पाठ करून, काठ धरून, एकेक पाय टाकत उतरले. विल्मारने हात पुढे केला.

"बाजूला हो. उजेड अडवतोयस."

खालून टॉर्चचा उजेड इकडून तिकडे फिरला. मग त्यांनी मला हाक मारली. मी उतरले. त्यांनी टॉर्च धरला. खडूची रेघ आता एकसंध नव्हती. नळीवरचा तुकडा एकीकडे, आर्मवरचा दुसरीकडे, मध्ये अंगठ्याएवढं अंतर. रबर पिळलेल्या फडक्यासारखं दिसत होतं.

त्यांनी लांब पाना लावला आणि नट ढिला केला. टक् असा एक कोरडा आवाज झाला आणि गाडीचं नाक त्या बाजूने खाली बसलं. वरून विल्मार "अरे!" म्हणाला. एलाडिओंनी बाकीचे नट ढिले केले. दुसरी बाजूही बसली.

"हवेत आवळले," ते म्हणाले. "चाकं लोंबकळत असताना. गाडी खाली आली की रबर पिळलं जाणार. ते बिचारं उलटं ढकलतंय, म्हणून नाक वर. गतिरोधक आला की आणखी पिळतं, म्हणून ओरडतंय."

"पण तुम्ही इतकी वर्षं बुश बदलताय," मी म्हणाले. "आवाज कधी आला नाही."

ते पायरीवर बसले. गुडघा चोळू लागले.

"जॅकवर गाडी असताना जोर लावायचा नाही, असं वडील सांगायचे. गाडी अंगावर येईल. म्हणून बोल्ट नुसते अडकवायचे, चाक लावायचं, गाडी जमिनीवर घ्यायची, आणि मग इथं उतरून आवळायचे. सत्तावन्न वर्षं तसंच केलं. जीव वाचावा म्हणून. ते रबरासाठीही असतं, हे मला कुणी सांगितलंच नाही. लिफ्टवरून गाडी पडत नाही, मग म्हटलं, वरच आवळू."

"म्हणजे तुम्ही विसरला नव्हतात."

त्यांनी टॉर्च बंद केला.

"नाही," ते म्हणाले. "विसरायला आधी माहीत असावं लागतं."

नट आवळून ते वर आले, तेव्हा चढताना त्यांनी विल्मारचा हात धरला. आम्ही तिघं गाडीत बसून शाळेसमोरच्या गतिरोधकावरून तीनदा गेलो. तिसऱ्यांदा विल्मारने मुद्दाम ब्रेक मारून बघायला सांगितलं. फक्त माझ्या नमुन्यांच्या बाटल्या वाजल्या. परत आल्यावर मी मोजपट्टी लावली. मार्चपेक्षा दोन मिलिमीटर जास्त.

"हे दोन तुमचे," मी एलाडिओंना सांगितलं. "नवं रबर."

ते हसले. मग त्यांनी ॲप्रनची गाठ सोडली, ॲप्रनची घडी घातली आणि तो दारामागच्या खिळ्याला अडकवला.

"बाबा, काय चाललंय? मी तसं नव्हतो बोललो."

"तसंच बोललास. मीही तसंच बोललो. तिसरी खेप, हात माझा."

"पण आता कळलं ना कशानं झालं ते. वय नाही ना त्यात."

"वय नाही, हात आहे. मी वयाचं बोललो नव्हतो." ते खुर्चीवर बसले आणि भोपळीत नवा येर्बा भरू लागले. "लिफ्ट आल्यापासून किती गाड्यांचे बुश बदलले?"

विल्मारने बोटांवर हिशेब केला. "ही धरून सात."

"माझ्या हातची ही एक. बाकी सहा?"

विल्मारने लिफ्टकडे पाहिलं.

"माझ्या हातच्या. त्यांचेही नट वरच आवळले. मालदोनादोत बुशचं काम वेगळे लोक करायचे," तो म्हणाला. "मी ब्रेकवर होतो."

"मी तुला विचारलं का, कशावर होतास? फोन लाव सगळ्यांना."

"तक्रार कुणाचीच नाही, बाबा."

"रबर फाटलं की येईल. फोन लाव."

विल्मार वही घेऊन आत गेला. एलाडिओंनी पहिली भोपळी मला दिली. ती काठोकाठ भरली होती, एक थेंबही सांडला नव्हता.

पुढच्या गुरुवारी गोठ्यांची फेरी संपवून मी वर्कशॉपवरून जात होते, म्हणून थांबले. ॲप्रन खिळ्यालाच होता, त्याच घडीत. कोपऱ्यातले टायर बाहेर अंगणात गेले होते आणि फळ्या भिंतीला उभ्या होत्या. खड्ड्यावर गुरांच्या डॉक्टरची जीप उभी होती. खड्ड्याच्या काठाशी खुर्ची, खुर्चीत एलाडिओ, काखेत थर्मास.

"मी रिटायर झालोय," त्यांनी मला सांगितलं. "हात लावत नाही कशाला. नुसता बसतो."

"रिटायर माणूस इतकं बोलत नाही," खालून विल्मारचा आवाज आला.

"आधी पुढचा नट ढिला कर, मग मागचा."

"तोच करतोय."

"चाकं जमिनीवर आहेत ना?"

"खड्ड्यात उभं राहून काम करताना चाकं हवेत कशी असतील, बाबा?"

"तेच तर," एलाडिओ म्हणाले.

खाली टक् असा आवाज झाला. जीपचं नाक बोटभर खाली बसलं. एलाडिओंनी नळीतून घोट ओढला आणि चार बोटं वर केली: सहांपैकी चौथी.