दोन मुठींची करवत

मित्रांनो, सत्तरी ओलांडलेली म्हातारी आणि तिचे सगळे दात शाबूत, असे कधी पाहिले आहे का? नसेल, तर काकूंच्या परसातल्या खोपटात या आणि दारासमोरच्या भिंतीकडे बघा. दोन खुंट्यांवर आडवी पडलेली दिसेल, ती मी. मी एक जुनी करवत आहे. साडेपाच फूट लांब, पोटाशी किंचित गोल, आणि दोन्ही टोकांना एकेक मूठ. मला चालवायला दोन माणसे लागतात. एकट्यादुकट्याचे काम मी कधी केले नाही, आणि हे मी जरा ताठ मानेनेच सांगते.

मला एका लोहाराने घडवले. पाते ठोकून, तापवून, पाण्यात बुडवून झाल्यावर त्याने कानस घेतली आणि माझे दात एकेक करून धारदार केले. मग एक दात किंचित डावीकडे, पुढचा किंचित उजवीकडे, असा सगळ्यांना कल दिला. त्यामुळे लाकडात पडणारी चीर माझ्यापेक्षा थोडी रुंद होते आणि मी अडकत नाही. एवढ्या कामाला त्याला चार दिवस लागले. घाईचे काम माझ्या वाट्याला जन्मापासूनच आले नाही.

मला एका सुताराने विकत घेतले, आणि पुढे त्याच्या मुलाने चालवले. मुलाचे लग्न झाले तेव्हा त्याच्या जोडीला माणूस नव्हता. नवी नवरी पदर खोचून म्हणाली, "मी धरते की दुसरं टोक!" याच त्या आपल्या काकू. तेव्हा एकोणीस वर्षांच्या होत्या.

पहिल्या दिवशी त्या मुलाने, म्हणजे यापुढच्या आमच्या सुताराने, त्यांना एकच गोष्ट सांगितली. "आपण फक्त ओढायचं. ढकलायचं नाही. तू ओढत असलीस की मी हात सैल सोडणार, मी ओढताना तू सोडायचा. ढकललंस तर पातं वाकतं."

काकूंना ते दोन दिवसांत जमले. पुढची कितीतरी वर्षे आम्ही तिघांनी मिळून काम केले. शाळेची बाके, वाचनालयाचे मोठे दरवाजे, नदीवरच्या पुलाच्या फळ्या, सगळ्यांचे ओंडके आधी माझ्या दातांखालून गेले. त्या पुलावरून जाताना लोक वाकून पाणी बघतात. मी कधी गेले तर फळ्या बघीन.

एकदा दुपारी जेवताना सुतार म्हणाला, "आयुष्यभर झाडं कापत आलो. एखादं लावू या की." काकूंनी बहिणीकडून अंजिराची फांदी आणली आणि दोघांनी ती परसात लावली. फांदीला पाने फुटली, पानांची सावली झाली, सावलीत एक बाक आले. त्या झाडापाशी मला मात्र मज्जाव होता. एकदा सुताराने चुकून मला त्याच्या खोडाला टेकवून ठेवले, तर काकू केवढ्याने ओरडल्या! "अहो, ते घाबरेल ना!" सुतार हसला, पण मला उचलून त्याने दुसरीकडे ठेवले. मला थोडा राग आला, खोटे कशाला बोलू?

मग विजेवर चालणाऱ्या करवती आल्या. त्या एकट्या माणसाच्या हातात चालतात आणि गावभर ओरडतात. मी खुंट्यांवर गेले. पुढे सुतारही गेला. काकू दरवर्षी तेलाचा बोळा घेऊन येत आणि मला पुसत. मग त्यांचे गुडघे दुखू लागले आणि स्टुलावर चढणे थांबले. तीन वर्षे मला कुणी हात लावला नाही. पात्यावर गंजाचे ठिपके उमटले. सुताराच्या बाजूची मूठ किडीने आतून पोखरली.

आता शेजाऱ्यांबद्दल सांगते. भिंतीपलीकडे घड्याळ दुरुस्त करणारे गृहस्थ राहतात. गल्लीतली मुले त्यांना घड्याळकाका म्हणतात. त्यांच्या अंगणात एक उंच निलगिरी होती, आणि ती वर्षावर्षाला आमच्या बाजूला कलत होती.

काकूंनी भिंतीवरून सांगितले, "भाऊजी, तुमचं झाड झुकतंय. वरच्या फांद्या उतरवा."

"पुढच्या हिवाळ्यात उतरवतो, वहिनी."

हे दर हिवाळ्यात झाले. शेवटी काकू जरा चढ्या आवाजात बोलल्या. घड्याळकाका म्हणाले, "झाड माझं आहे, माझं मी बघून घेईन." त्या दिवसापासून तीन वर्षे भिंतीवरून ना वहिनी ऐकू आले, ना भाऊजी.

आणि एका दुपारी वादळ आले. खोपटाचे दार आपटू लागले, पत्रा थडथडला, आणि कडाड असा आवाज होऊन जमीन हादरली. मी खुंट्यांवर थरथरत होते. उघड्या दारातून मला सगळे दिसले. निलगिरी भिंत फोडून आमच्या परसात आडवी पडली होती. घेवड्याचा मांडव भुईसपाट झाला होता, कुंड्यांचा चुरा झाला होता. आणि अंजीर त्या खोडाखाली वाकले होते. अर्धी मुळे वर आली होती, अर्धी अजून मातीला धरून होती.

वारा पडल्यावर कोपऱ्यावरचा माळी धावत आला. वाकून, हाताने माती चाचपून त्याने बघितले. "जीव आहे अजून, काकू. पण वरचं ओझं उतरलं पाहिजे. उद्या संध्याकाळपर्यंत झाड उभं केलं तर जगेल. नाहीतर सरपणच समजा."

पण ओझे उतरवणार कोण? वीज गेली होती. पेट्रोलवर चालणाऱ्या करवती रस्त्यांवरची झाडे कापत होत्या. नगरपालिकेच्या माणसाने सांगितले, "आधी रस्ते, मग बागा. आठ दिवस धरून चला." काकू बाकाच्या जागी गेल्या. बसायला बाकही उरले नव्हते. त्या उभ्याच राहिल्या.

सकाळी घड्याळकाका पडलेल्या भिंतीतून आत आले. हातात टोपी, मान खाली. "वहिनी, मी नवीन रोप आणून देतो. चांगलं, मोठं."

"तीस वर्षांचं रोप कुठे मिळतं, भाऊजी?"

मला वाटले, आता काकू म्हणणार, 'मी सांगितलं होतं.' कुणीही म्हटले असते. पण त्या वळल्या आणि तडक खोपटात आल्या. दुखऱ्या गुडघ्यांनी स्टुलावर चढल्या आणि मला खाली उतरवले. मला वाटले, भंगारात निघाले!

"धरा," त्या घड्याळकाकांना म्हणाल्या. त्यांनी सुताराच्या बाजूची मूठ धरली, आणि ती त्यांच्या हातात भुसभुशीत होऊन तुटली.

घड्याळकाकांचा चेहरा असा झाला, की जणू माझीही मोडतोड त्यांनीच केली. काकू घरात गेल्या आणि लाटणे घेऊन आल्या. माझ्या टोकाच्या कड्यात त्यांनी ते ठोकून घट्ट बसवले. मित्रांनो, पुलाच्या फळ्या कापलेली मी, आणि माझ्या हाती लाटणे! पण वेळ मानापमानाची नव्हती.

घड्याळकाकांनी खिशातून बोटभर बाटली काढली. "तेल आणलंय. घड्याळाचं आहे, एकदम शुद्ध."

"हिचा एक दात न्हाऊन निघेल तेवढ्यात," काकू म्हणाल्या आणि स्वयंपाकघरातले तेल माझ्या पात्यावर ओतले.

काम सोपे नव्हते. अंजिरावर पडलेला तुकडा सुटा करायचा, तर त्याच्या दोन्ही बाजूंना कापायला हवे होते. पहिली चीर सुरू झाली आणि घड्याळकाकांनी अगदी मन लावून चूक केली. काकू ओढत होत्या तेव्हा त्यांना मदत व्हावी म्हणून ते पलीकडून ढकलत होते. मी कमानीसारखी वाकले आणि कण्हले.

"ढकलू नका, भाऊजी!"

"अहो, तुम्हाला भार पडू नये म्हणून..."

"तुमची मदतच भारी पडतेय! सैल सोडा हात."

त्यांनी हात इतका सैल सोडला की लाटणेच सुटले. पुन्हा धरले, पुन्हा ढकलले. तासाभरात चीर चार बोटेही खोल गेली नव्हती. त्यात खोडाचा मधला भाग खचला आणि चीर वरून मिटू लागली. मी मध्ये घट्ट अडकले. ऊन चढत होते. अंजिराची पाने कडेने वळू लागली होती. माझ्या जन्मात मला कुणी अर्ध्या कामावर सोडले नव्हते, पण त्या वेळी मी घाबरले.

काकूंनी खोडाखाली विटांचा टेकू लावला आणि चिरेत एक लाकडी पाचर ठोकली. चीर पुन्हा उघडली. घड्याळकाका घाम पुसत माझ्याकडे बघत उभे होते. मी पाचरेच्या बाजूला हलकेच इकडून तिकडे हलले असेन, कोण जाणे. एकदम त्यांचे डोळे चमकले.

"वहिनी, हा तर लंबक आहे!"

"काय आहे?"

"घड्याळाचा लंबक. त्याला परत ये म्हणून कुणी ढकलत नाही. तो आपला येतो."

"मग सकाळपासून काय करत होतात?"

"गाडा ढकलत होतो," ते म्हणाले, आणि तीन वर्षांत पहिल्यांदा काकू त्यांच्यासमोर हसल्या.

त्यानंतर काय सांगू! त्यांनी डोळे मिटले आणि तोंडाने टिक म्हणून ओढू लागले. टॉक म्हणून काकू ओढत होत्या. एवढा अचूक ताल तर सुतारालाही साधला नव्हता, आणि मी हे उगाच म्हणत नाही. ओल्या लाकडाचा भुसा दोन्ही बाजूंनी भुरुभुरु पडू लागला. माझ्या दातांवर चीक चिकटला की काकू रॉकेलचा बोळा फिरवत आणि पुन्हा टिक, टॉक. पहिला काप उतरला. दोघे पाणी प्यायले, त्यांनी तळहातांवरचे फोड एकमेकांना दाखवले आणि दुसरा धरला.

दुसऱ्या कापाच्या मध्यावर घड्याळकाका अचानक म्हणाले, "वहिनी, एकदाचं बोलून टाका ना."

"काय बोलू?"

"मी सांगितलं होतं, असं."

"आधी ओढा," काकू म्हणाल्या.

चारच्या सुमारास दुसरा काप सुटला. माळी, गल्लीतला बेकरीवाला आणि त्याची बायको पहारी घेऊन आले. पाचही जणांनी मिळून तो ओंडका अंजिरावरून बाजूला लोटला. झाड हळूच, हातभर वर आले. माळ्याने ते दोर लावून सरळ केले, मुळांवर माती ओढली, तीन बाजूंनी टेकू दिले. उन्हे कलायच्या आत अंजीर उभे होते.

मी तेव्हा त्याच्या खोडाला टेकवून ठेवलेली होते. खुद्द काकूंनी ठेवले होते. आयुष्यभर मी झाडे आडवी केली, मित्रांनो. एक मी उभे केले. माझ्या सगळ्या बाकांपेक्षा, दरवाजांपेक्षा आणि पुलापेक्षा मला त्याचा अभिमान आहे.

अंजिराने जुनी पाने टाकली आणि सहा आठवड्यांनी नवा हिरवा कोंब काढला. घड्याळकाकांनी भिंत बांधून घेतली आणि त्याच निलगिरीच्या फांदीची मूठ घासूनपुसून माझ्या कड्यात बसवली. लाटणे स्वयंपाकघरात परत गेले. त्याच्या टोकावर माझ्या कड्याचा वळ आहे, आणि पाहुण्यांना काकू तो मुद्दाम दाखवतात.

परवाचीच गोष्ट. काकूंनी भिंतीवरून डोकावून बघितले. निलगिरीच्या बुंध्याला चांगले पुरुषभर उंच धुमारे फुटले होते.

"भाऊजी, हे पुन्हा वाढतंय."

मी कान टवकारले. 'पुढच्या हिवाळ्यात' हे शब्द मला पाठ होते.

"रविवारी," पलीकडून आवाज आला. "सकाळी सात वाजता येतो."

आणि रविवारी, मित्रांनो, सातला पाच मिनिटे कमी असताना ते खोपटाच्या दारात उभे होते, हातात तेलाचा बोळा घेऊन. कोवळ्या धुमाऱ्यांना माझी गरजही नव्हती, साधा कोयताही पुरला असता. पण दोघांनी मला खुंट्यांवरून उतरवले, पुसले आणि सोबत नेले.

तुमच्या घरात माझ्यासारखे काही जुने टांगलेले असेल, तर वर्षातून एकदा खाली उतरवून पुसत जा. तुमच्या फांद्या शेजारी झुकू लागल्या, तर वादळाआधी उतरवा. आणि कधी माझी एक मूठ धरायची वेळ आली, तर समोरचा ओढत असताना हात सैल सोडा. बाकीचे मी बघते. माझे सगळे दात अजून शाबूत आहेत.