माझ्या दोन आखूड हाका

मित्रांनो, क्षणभर डोळे मिटा आणि कल्पना करा. समोर नाल्यात एक बाई धुणं धूत बसली आहे. तिच्याकडे उकळतं पाणी धावत येतं आहे. तुम्हाला ते दिसतं, तिला दिसत नाही. तुम्ही हाक मारायला जाता, पण तुमच्या तोंडात कुणीतरी गोणपाटाचा बोळा कोंबलेला आहे. कसं वाटेल? माझं अगदी तसंच झालं.

मी एक जुना भोंगा आहे. अंबरनाथला, मोरिवली गावाला लागून असलेल्या एका कारखान्याच्या छपरावर माझं उभं आयुष्य गेलं. माझा घसा पितळेचा आणि श्वास बॉयलरच्या वाफेचा. कामगारांची पाळी सुरू झाली की मी लांब गरजायचो. माझ्या आवाजावर गावात भाकरी थापल्या जायच्या, पोरं शाळेला पळायची. शेजारची सखू वर बघून म्हणायची, "वरड बाबा, वरड! माझ्या सासूपरास तुझा आवाज बरा!"

पण माझं खरं काम वेगळंच होतं, आणि ते कुठल्याही कागदावर नव्हतं. बॉयलरच्या तळाला गाळ साचतो. तो काढायला दिवसातून एकदा-दोनदा तळाचा कॉक, म्हणजे मोठी तोटी, उघडावा लागतो. मग उकळतं, गढूळ पाणी धाड्‌दिशी बाहेर पडतं आणि भिंतीखालून नाल्यात जातं. त्याच नाल्यावर मोरिवलीच्या बाया धुणं धुवायच्या. म्हणून बॉयलरवर काम करणारा आनंदा कॉक उघडण्याआधी मला दोनदा आखूड वाजवायचा. भोंप, भोंप! बाया कपडे उचलून काठावर यायच्या. आनंदा त्याच गावचा. ही रीत त्याला त्याच्या आईने घालून दिली होती.

मग सत्याऐंशी साली शशिकांतसाहेब कारखान्याचे मोठे अधिकारी झाले. माणूस वाईट नव्हता. भोंग्याने झोपमोड होते, अशी साहेबलोकांच्या वसाहतीतून तक्रार आली, तेव्हा त्यांनी म्हटलं, "आपण सगळ्यांचं मत घेऊ." छापील फॉर्म निघाले, इंग्रजीत. वसाहतीत वाटले, ऑफिसात वाटले. बेचाळीस फॉर्म भरून आले आणि चाळिसांनी लिहिलं, त्रास होतो. साहेब खूश झाले.

आनंदा टोपी हातात धरून त्यांच्या टेबलापुढे उभा राहिला. "साहेब, मोरिवलीला विचारलंत का?"

"मोरिवलीचा काय संबंध? ते काय आपले कामगार आहेत?"

"मी हाये की."

"मग तू फॉर्म का नाही भरलास?"

"मला कुठं दिला साहेब?"

त्याने नाल्याचंही सांगितलं. साहेब म्हणाले, "मग बायकांना एक वेळ ठरवून दे. त्या वेळी यायचं नाही."

"बॉयलर काय घड्याळ बघून गढूळ होतो, साहेब?"

ऑफिसातले दोघे-तिघे हसले. साहेब हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी माझ्या तोंडात गोणपाट कोंबलं आणि पाळीसाठी आत विजेची घंटा लावली. ती मोरिवलीत ऐकू जात नव्हती.

मित्रांनो, मला राग माझ्या मुकेपणाचा आला नाही. बेचाळीस कागद चाळणाऱ्या माणसाला खिडकीतून नाला दिसत होता! चाळीस पावलं चालून एका बाईला विचारलं असतं तरी पुरे होतं. ज्याला फॉर्म दिला त्याचंच मत, आणि ज्याचे पाय पाण्यात आहेत त्याला कुणी मोजायचंच नाही, याला काय सगळ्यांना विचारणं म्हणतात?

आनंदा आता कॉक उघडण्याआधी भिंतीपाशी धावत जाऊन ओरडायचा, "वैनी, उठा गो!" एकदा साहेबांनी ते पाहिलं. बॉयलर सोडून गेलास तर कामावरून काढीन, असा दम दिला. तिसऱ्याच दिवशी गाळ वाढला, दाबाचा काटा चढला, आणि आनंदाला कॉक उघडावाच लागला. जागेवरूनच तो घसा फोडून ओरडला. यंत्रांच्या आवाजात ते कुणाला ऐकू जाणार?

मी वरून सगळं पाहत होतो. नाल्यात जिवली गोधडी धूत होती. तिची नऊ वर्षांची चंद्री काठावर बसली होती. जिवलीची किंकाळी मात्र कारखान्यात सगळ्यांना ऐकू आली. तिचे दोन्ही पाय घोट्यापर्यंत भाजले.

"आये, भोंगा का नाय वाजला गो?" चंद्री रडत विचारत होती.

तिचा बाप नवसू फाटकावर गेला. पहारेकरी म्हणाला, "लेखी अर्ज आणा, दोन प्रती." नवसूला सही करता येत नव्हती. तो परत फिरला. चंद्री त्याच्या मागोमाग गेली, पण चालताना मान वळवून माझ्याकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी ती पितळी ताट आणि पळी घेऊन आली, आणि साहेबांच्या खिडकीसमोर, नाल्याच्या कठड्यावर बसली. आनंदाने तिला खूण सांगून ठेवली होती. दहाच्या सुमारास बॉयलरच्या खोलीच्या खिडकीत लाल फडकं लटकलं. टण्, टण्! टण्, टण्! नाल्यातल्या बाया पटापट वर आल्या. पाणी वाफाळत निघून गेलं. तरी पोरगी थांबेना.

साहेब पेन हातात घेऊनच बाहेर आले. "बंद कर ते! केवढा त्रास!"

चंद्रीने बोट दाखवलं. नाल्यातून अजून वाफ निघत होती, आणि काठावर सात बाया ओल्या कपड्यांचे पिळे उराशी धरून उभ्या होत्या. साहेबांनी पेन खिशात ठेवलं. मग त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा मोरिवलीला प्रश्न विचारला. "हे रोज होतं?"

"रोज."

"आणि तू रोज वाजवणार?"

चंद्री कठड्यावरून उतरली. तिने ताट आणि पळी साहेबांच्या हातात दिली.

"उद्यापासून तुमी वाजवा," ती म्हणाली, "मला शाळा हाये." आणि परकर झटकून ती आईचे पाय बघायला घरी पळाली.