ताईचा आवाज आणि जुना कॉम्प्युटर

ताईची वाचा गेली होती, पण ती गप्प कधीच नव्हती. स्नायूंच्या आजाराने तिचे हातपाय गेले, मग जीभ गेली. उजव्या हाताचं एक बोट तेवढं अजून तिचं ऐकत होतं. त्या बोटाखाली एक बटण ठेवलेलं असायचं. समोरच्या पडद्यावर अक्षरं एकामागून एक उजळत जायची, हवं ते आलं की ताई बटण दाबायची, आणि शब्द पुरा झाला की कॉम्प्युटर तो बोलून दाखवायचा. तोही तिच्याच आवाजात. जीभ जड व्हायला लागली तेव्हाच धाकट्या बहिणीने तिला पुस्तकं वाचायला लावून सगळं रेकॉर्ड करून ठेवलं होतं. या धाकटीला घरात सगळे बारकी म्हणायचे.

अडचण कॉम्प्युटरची होती. भावोजींच्या कारखान्याच्या ऑफिसने मोडीत काढलेला तो डबा ताईचा आवाज तयार करताना अक्षरशः धापा टाकायचा. प्रोग्रॅमबरोबर आलेला पुरुषी आवाज त्याला झेपत होता, पण ताईला तो मंजूर नव्हता. "त्या बाप्याच्या तोंडून मी बोलणार नाही," असं तिने एकदाच सांगितलं होतं आणि विषय संपवला होता.

मग एके दिवशी तिच्या घशात कफ अडकला. बारकी स्वयंपाकघरात होती. चहा घेतेस का, एवढंच विचारायला ती खोलीत आली, तर ताईचे ओठ निळसर पडलेले. बारकीने कफ ओढायचं मशीन लावलं, नळी घशात घातली, कफ काढला. ताईचा श्वास पुन्हा नीट चालू झाला, बारकीने तिचं तोंड पुसलं, आणि तेव्हा कुठे पाठीमागून ताईचा आवाज शांतपणे म्हणाला, "घसा."

ताईने तो शब्द केव्हाच पुरा केला होता, डब्याला तो बोलायलाच एवढा वेळ लागला होता. त्या एका शब्दाने बारकीची झोप उडाली.

जुन्या कॉम्प्युटरच्या दुकानातल्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं. नवा कॉम्प्युटर परवडणार नव्हता, भावोजींचा पगार औषधांतच जात होता. "डबा तोच ठेवा, पॉवर सप्लाय आणि डिस्कही तीच," बाई म्हणाल्या. "मदरबोर्ड, प्रोसेसर आणि रॅम तेवढे बदलू. वापरलेले देते, पण चांगले आहेत. मशीन माझ्याकडे चार दिवस राहील."

बारकीने घरी येऊन हे सांगितलं, तशी ताईने विचारलं, "चार दिवस मी काय मुकी बसू?"

म्हणून बारकी पुन्हा दुकानात गेली आणि ते सुटे भाग पिशवीत घालून घरी घेऊन आली. भावोजी म्हणाले, "परवा मला सुट्टी आहे, दोघं मिळून करू." बारकी हो म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते कामावर गेले आणि तिला राहवेना. आणखी एक दिवस त्या डब्याच्या भरवशावर ताईला ठेवायची तिच्यात हिंमत नव्हती.

तिने ताईच्या आवाजाची एक कॉपी पेन ड्राइव्हवर घेतली. मग विचारलं, "ताई, बंद करू?" ताईने नजर वर केली. नजर वर म्हणजे हो, डोळे मिटले म्हणजे नाही. आता दोघींमध्ये एवढीच भाषा उरली होती.

बारकीने भिंतीवरचं बटण बंद केलं आणि डबा ताईला दिसेल असा टेबलावर आडवा ठेवला. जुना बोर्ड निघाला. त्याच्यावर धुळीचा थर होता. नवा बोर्ड स्क्रूंनी बसवला. त्याच्या मधोमध चौकोनी खाचेत केसासारख्या बारीक पिना होत्या. "एक जरी वाकली तरी बोर्ड गेला," असं बाईंनी बजावलं होतं. बारकीने श्वास रोखून प्रोसेसर खाचेत टेकवला आणि वरची दांडी दाबली. कर्रकन आवाज झाला. पिन वाकलीच, असं तिला वाटलं. दांडी दाबताना असा आवाज होतोच, हे तिला माहीत होतं, पण माहीत असल्याचा त्या क्षणी काही उपयोग झाला नाही.

ती पंखा बसवत होती तेवढ्यात ताई खोकली.

खोकला नव्हेच तो, नुसती घरघर. बारकीने मान वळवली. ताईचे डोळे मोठे झाले होते. बारकी धावली, नळी उचलली, मशीनचं बटण दाबलं. मशीन चालू होईना. पुन्हा दाबलं. नाहीच. ताईचा चेहरा लाल होत चालला होता आणि बारकी खुळ्यासारखी तेच बटण दाबत राहिली. मशीनच बिघडलं, आता कुणाला हाक मारायची, भावोजी कारखान्यात, शेजारी कुलूप.

मग तिची नजर भिंतीकडे गेली. कॉम्प्युटर आणि हे मशीन भिंतीवरच्या एकाच बटणावर होते. ते बटण तिनेच बंद केलं होतं.

कॉम्प्युटरची वायर काढली होती की नाही, ते आठवेना. आठवत बसायला वेळही नव्हता. तिने भिंतीवरचं बटण खटकन दाबलं. मशीन घोंघावलं. नळी आत गेली, कफ आला, ताईने एक लांब, फाटका श्वास घेतला, मग दुसरा.

बारकी तिथेच फरशीवर बसली. मग ती म्हणाली, "भावोजींना बोलावून घेऊ का?"

ताईने डोळे मिटले.

"मग पुढे करू?"

नजर वर गेली.

आधी तिने कफाच्या मशीनची वायर पलीकडच्या भिंतीला नेऊन लावली. कॉम्प्युटरची वायर काढलेलीच होती. मग तिने पंखा घट्ट केला, रॅमच्या दोन पट्ट्या बसवल्या, उरलेल्या वायरी एकेक तपासून जोडल्या आणि वीज दिली. पंखा फिरला आणि थांबला. पुन्हा फिरला, पुन्हा थांबला. पडदा काळाच. जुना बोर्ड पुन्हा चढवायचं त्राण तिच्यात नव्हतं. आपण ताईचं तोंड बांधून ठेवलं, असं तिला वाटलं, आणि तिच्याकडे वळून बघायची भीती वाटली.

तिने दुकानातल्या बाईंना फोन लावला. मशीन चालू होत नाही, एवढंच तिने रडत रडत सांगितलं.

"रडू नका, आधी सांगा, पंखा फिरतो ना?" बाई म्हणाल्या. "मग बंद करून रॅमची एक पट्टी काढा आणि बघा. नाही झालं तर ती लावून दुसरी काढा."

पहिली काढली. पंखा फिरला, थांबला. दुसरी काढली. पंखा फिरला आणि फिरतच राहिला. पडदा उजळला. बाई फोनवरून म्हणाल्या, "ती पट्टी खराब निघाली. परत आणा, बदलून देते."

बारकीने ताईचं बोट बटणावर ठेवलं. अक्षरं पळायला लागली. एक शब्द झाला, लगेच दुसरा.

"हात धू," ताईचा आवाज म्हणाला. "कफ लागलाय."

बारकी हात धुवायला गेली आणि नळाखाली हात धरून ढसाढसा रडली.

संध्याकाळी भावोजी आले. उघडा डबा आणि टेबलावरचा जुना बोर्ड बघून त्यांनी काय झालं ते विचारलं, आणि बारकीने काहीही न लपवता सांगितलं. भावोजींचा रंगच उतरला. कधी नव्हे ते ते चढ्या आवाजात म्हणाले, "उद्या मला सुट्टी आहे म्हणून सांगितलं होतं की नाही? घरात कुणी नाही, मशीनची वीज बंद, आणि अशात हिला काही झालं अस—"

"झालं नाही ना," ताई म्हणाली.

ते बोलायला लागल्यापासून तिचं बोट बटणावर चालूच होतं. भावोजींचं वाक्य तिथेच तुटलं. ताईने कुणाला मध्येच तोडल्याला कितीतरी महिने झाले होते. ते खुर्चीत बसले आणि बायकोकडे बघत राहिले.

"आता जेवा," ती म्हणाली, "मग रागवा."