प्रविणच्या नाण्यांचा मालक

अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. धाटावच्या कंपनीतली पहिली शिफ्ट सुटली की महिपतीच्या ओट्यावर एकच विषय निघायचा: प्रविणची नाणी! रोह्यात कॉम्प्युटर क्लास चालवणारा हा पोरगा. त्याच्याकडे रुपये भरायचे, तो कॉम्प्युटरवर आपल्या नावावर नाणी चढवणार, आणि ठरलेल्या दुकानांत नुसतं नाव सांगून सामान मिळणार. शिवाय नाण्याचा भाव म्हणे चढतच जाणार.

महिपतीने लेकीच्या, किमयाच्या नर्सिंगच्या फीचे पैसे साठवले होते. ते ह्यात घालावेत का, हाच घोर.

एके दिवशी प्रविण स्वतःच ओट्यावर आला. "पण ह्याला मालक कोण?" महिपतीने संशयाने विचारलं.

"कोणीच नाय, काका!" प्रविण म्हणाला. "सरकार नाय, बँक नाय. आपल्या हरिनाम सप्त्यातली वीणा कशी, ह्याच्या गळ्यातून त्याच्या गळ्यात. ती कोणा एकाची हाय का?"

वीणेचं नाव निघालं आणि महिपती विरघळला. सप्त्यात पहाटेचा पहारा त्याचाच असे. वीणा गळ्यात घेऊन उभं राहिलं की डोळे भरून यायचे. असा दाखला देणारा पोरगा फसवील कसा? त्याने पैशांच्या पिशवीला हात घातला.

"जरा थांब रे." निडी गावचे कीर्तनकार दत्तात्रेयबुवा चहाला टेकले होते. "प्रविण, वीणा सगळ्यांच्या डोळ्यांदेखत फिरते. खाली टेकली तर शेंबडं पोरही ओरडतं. तुझी नाणी कुठे फिरतात?"

"माझ्या कॉम्प्युटरात."

"भाव कोण ठरवतो?"

"कॉम्प्युटर!"

"आणि कॉम्प्युटरला कोण सांगतो?"

"बुवा, तुम्ही आपले टाळ सांभाळा."

"सांभाळतोच की! म्हणून तर ठेका कोण धरतो ते कळतं."

ओट्यावर हशा पिकला. महिपतीची बायको इंदुबाई दारातून म्हणाली, "मग प्रविण, तो पासवर्ड का काय तो चार जणांना दे. हिशेब देवळाच्या भिंतीवर लाव. वीणेसारखेच पहारे लावू. एकट्याने काय बदलायचं नाय."

"छे! मग माझ्या हातात काय राहिलं?"

प्रविण बोलून गेला आणि त्याने जीभ चावली.

"पोरा," महिपतीने पिशवीची गाठ घट्ट आवळली, "तू लबाड हायस असं मी म्हणत नाय. पण मालक नाय म्हणालास, आणि मालक तर तूच निघालास! वीणेच्या नावावर मी भुललो होतो. हे पैसे उद्या पोस्टात जातील."

मायबाप वाचकहो, पैसा कागदाचा असो की पडद्यावरच्या आकड्यांचा. उद्या त्याला आणखी नवी नावं येतील. "हे सगळ्यांचं आहे" असं कोणी गोड बोललं, तर भुलू नका. हातातली चावी सोडशील का, एवढंच त्याला विचारा. तो अडखळला, तर रामकृष्णहरी म्हणा, हात जोडा आणि आपली कमाई आपल्या घरी ठेवा!